बावीस पोरं आणि रद्दीवाल्याचा काटा: रतनगड ते हरिश्चंद्रगड, सामानाच्या नोंदी

२ नोव्हेंबर, रविवार

आमच्या मंडळाची ट्रेकसाठी मीटिंग झाली आणि सामानाचं खातं माझ्या गळ्यात पडलं. मी उशिरा पोचले म्हणून असेल, उशिरा येणाऱ्याला नेहमी तेच मिळतं. असो. २२ मुलं (१३ मुलगे, ९ मुली, वय १३ ते १६), मोठी माणसं ६, नाताळच्या सुट्टीत ५ दिवस. डोंबिवलीहून कसारा लोकल, तिथून जीप करून घोटी, शेंडीवरून रतनवाडी. दोन रात्री तिथेच तंबूत, मधल्या दिवशी रतनगड करून परत. तिसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत. चौथ्या दिवशी पाचनई आणि हरिश्चंद्रगड, पाचव्या दिवशी घरी.

म्हणजे नीट बघितलं तर पूर्ण ओझं पाठीवर घेऊन खरी चढाई एकाच दिवशी आहे, कात्राबाईच्या. बाकी सगळे दिवस छोटी पिशवी घेऊन जाऊन यायचं. ही गोष्ट डोक्यात ठेवूनच यादी करायची, नाहीतर आपण एव्हरेस्टची यादी करून बसतो आणि पालक बिचारे दुकानात धावतात.

५ नोव्हेंबर

नेटवर मिळणाऱ्या सहा-सात याद्या वाचल्या. सगळ्यात थर्मल इनर, गेटर, ट्रेकिंग पोल, क्विक ड्राय टॉवेल. अहो, सह्याद्रीत डिसेंबर आहे हा. दिवसा घाम फुटतो, रात्री मात्र भंडारदऱ्याच्या बाजूला पारा दहाच्या खाली सहज जातो आणि पहाटे दव इतकं पडतं की तंबूवर पाणी मारल्यासारखं वाटतं. दोन्ही टोकं आहेत, पण त्याला उत्तर म्हणजे एकावर एक तीन साधे कपडे, एक महागडं जॅकेट नव्हे. टॉवेलऐवजी पंचा. आमच्या आजोबांनी काशीयात्रा पंचावर काढली, पोरांचे चार दिवस निघतील.

९ नोव्हेंबर, रविवार

आज फक्त गणित केलं. हे आधी करायला हवं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

एका मुलाच्या पाठीवर साधारण काय काय येतं: सॅक स्वतः १.२ किलो, भाड्याची स्लीपिंग बॅग १.६, फोमची मॅट ०.३, कपडे १.२, ताट मग टॉर्च वगैरे किडुकमिडुक ०.८, सुका खाऊ ०.६. झाले ५.७. आता पाणी. कात्राबाईच्या वाटेवर खात्रीचं पाणी धरायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे माणशी ३ लिटर, म्हणजे सरळ ३ किलो. एकूण ८.७.

शाळेच्या दप्तरासाठी २०२० च्या धोरणात शरीराच्या वजनाच्या १० टक्के मर्यादा आहे. ट्रेकला आम्ही १५ पर्यंत जाऊ असं ठरलं, तेही एकच दिवस. आमचा सगळ्यात बारका मुलगा ३४ किलोचा. त्याचे १५ टक्के ५.१ होतात. म्हणजे पाणी आणि रिकामी सॅक यातच त्याचे ४.२ किलो संपले, उरलेल्या ०.९ किलोत त्याने झोपायचं, जेवायचं आणि थंडीपासून वाचायचं. होणार नाही. मोठ्या पोरांना जमेल, ५८ किलोचा एक जण आहे त्याला ८.७ बरोब्बर बसतंय, पण २२ पैकी असे चारच.

तंबू तर मी अजून धरलेच नाहीत.

१२ नोव्हेंबर

तंबूवरून व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री साडेअकरापर्यंत भांडण. मी लिहिलं की कुमशेतला आणि पाचनईला गावात घराच्या ओसरीवर, पडवीत झोपायची सोय होते, पिठलं-भाकरी मिळते, गावातल्या घरांना चार पैसे मिळतात, तंबू कशाला. तर पोरांकडून उत्तर आलं, "मावशी, टेंट नाही तर कॅम्पिंग कसलं, ते तर मामाच्या गावाला गेल्यासारखं झालं." खरं आहे त्यांचं पण. मंडळाचे चार माणसांचे ८ तंबू, एकेक साडेतीन किलो, म्हणजे २८ किलो नुसते तंबू.

तोडगा असा निघाला. रतनवाडीत दोन रात्री तंबू. तिसऱ्या दिवशी सकाळी तंबू, भांडी आणि स्लीपिंग बॅगा एका पिकअपमधे भरून राजूरवरून वळसा घालून कुमशेतला. आमच्यातले एक जुने ट्रेकर काका यावर नाराज आहेत, त्यांचं म्हणणं गाडीत सामान पाठवलं की ती मोहीम नाही, सहल झाली. मी त्यांना एवढंच म्हटलं की काका, तुम्ही त्या ३४ किलोवाल्याची सॅक घ्या मग आपण मोहीम करू. गप्प बसले. पण नंतर त्यांनीच एक चांगला मुद्दा काढला: गाडी आलीच नाही तर?

हे डोक्यात राहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

काकांच्या प्रश्नावरून नियम केला. गाडीत फक्त तेच जाईल जे नसलं तरी रात्र निघते. म्हणजे मऊपणा गाडीत, ऊब पाठीवर. स्वेटर, कानटोपी, पायमोजे, विंडचीटर, टॉर्च, त्या दिवसाचा आणि अजून एका वेळचा खाऊ, औषधं हे मुलाच्या पाठीवरच राहणार, काही झालं तरी गाडीत द्यायचं नाही. स्लीपिंग बॅग आणि तंबू गाडीत. मॅट पाठीवर, ती हलकीच असते.

परत गणित: सॅक १.२, पाणी ३, गरम कपडे आणि एक बदलायचा जोड १.२, मॅट ०.३, बाकी ०.७. एकूण ६.४. जमतंय जवळपास. बारक्याचं तरी सव्वा किलो जास्तच होतं, त्याचं एक लिटर पाणी माझ्याकडे आणि बदलायचे कपडे गाडीत. (त्याला सांगायचं नाही. त्याला सांगितलं की तू दोरीचा इनचार्ज, दोरी माझ्या सॅकमधे पण इनचार्ज तू.)

यादी ग्रुपवर टाकली. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: नवीन काहीही विकत आणू नका. आधी घरात बघा, मग शेजारी बघा, मग मला फोन करा.

अंगावरचा एक जोड, बदलायचा एक जोड, एवढेच कपडे. जीन्स नाही. जीन्सवर दोन पालकांचे फोन आले. जीन्स जड, चढताना गुडघ्याला धरते, घामाने मांड्या घासतात, ओली झाली की दिवसभर वाळत नाही. ट्रॅकपँट आणा, शाळेच्या पीटीची पण चालेल. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाबांचा जुना असला तर उत्तम, कारण कारवीच्या झुडपांतून जाताना हात ओरबाडतात. ताट काठ असलेलं, एकच, मग एक, चमचा एक. शिट्टी. पंचा. साबणाची वडी अख्खी नको, तुकडा. दोन वर्तमानपत्रं, हे सगळ्यांनी विचारलं कशाला. ओले बूट रात्री त्यात ठासून भरायला, बसायला, कचरा गुंडाळायला, आणि फारच थंडी वाजली तर स्वेटरच्या आत छातीवर घालायला.

आणि डिओ, परफ्युम, वासाचं तेल पूर्ण बंद. हे फॅशनवरून नाही. गडांवर कड्याला आग्या मोहोळं असतात, उग्र वासाने आणि धुराने उठतात. पळायला जागा नसते तिथे.

१८ नोव्हेंबर

गॅसचा विषय मिटला. आमच्यातल्या एकाने हौसेने छोटा बर्नर आणि गॅसचे डबे घेतलेत, पण ज्वालाग्राही वस्तू रेल्वेने न्यायला बंदी आहे, कायदाच आहे, आणि २२ मुलं बरोबर असताना लोकलमधे गॅसचे डबे घेऊन मी चढणार नाही. रॉकेलचा स्टोव्ह पण त्याच कारणाने नाही. शिवाय हा सगळा पट्टा कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, जंगलात चूल पेटवायचीच नाही. स्वयंपाक गावात, गावातल्या चुलीवर. त्यामुळे मोठी पातेली, झारे, कळशा एका झटक्यात यादीतून बाहेर! फक्त चहाचं एक पातेलं आणि गाळणं ठेवलं, कारण चहा गाळण्याशिवाय प्यायची माझी तयारी नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मंडळाचं कपाट उघडलं. दोन वर्षांत कोणी हात लावला नव्हता. झुरळांची अंडी, एक उंदीर (वाळलेला), आणि २०१७ च्या कुठल्यातरी ट्रेकचे चणे.

सॅक १४ निघाल्या. त्यातल्या ११ धड. तीन सॅकच्या कमरपट्ट्याचं बक्कल तुटलेलं, ते स्टेशनजवळच्या बॅगवाल्याकडून बसवून घेतलं. कमरपट्टा नसला तर सगळं वजन खांद्यावर येतं आणि तासाभरात पोरं मान पुढे काढून कासवासारखी चालायला लागतात. तंबू आठही गच्चीवर लावून बघितले. दोन तंबूंच्या काठ्यांमधला इलॅस्टिक गेलाय, नवीन ओवला, याला सव्वा तास आणि भरपूर शिव्या लागल्या. खुंट्या मोजल्या तर तंबूला १२ पाहिजेत तिथे सरासरी ८. लोखंडवाल्याकडून ६ मिलीची सळई तुकडे करून डोकं वाकवून घेतली, जड आहेत पण गाडीत जाणारेत.

कपाटाबद्दल एक गोष्ट इथे लिहून ठेवते म्हणजे पुढच्या वर्षीच्या माणसाला कळेल. काही मुलांकडे सॅक नाही, बूट नाहीत, आणि घरी मागायची सोय नाही. अशा मुलांना वेगळं बोलावून "तुला मंडळ देईल" म्हटलं की ते मूल ट्रेकलाच येत नाही, पोट दुखतं त्याचं. म्हणून या वर्षी सॅक सगळ्यांनी कपाटातूनच घ्यायची असा नियम केला, स्वतःची असली तरी आणून कपाटात टाकायची आणि मग उंचीप्रमाणे वाटप होणार. कमी पडल्या तेवढ्या ओळखीच्यांकडून जमवल्या. एका पोरीची नवी कोरी सॅक दुसरीच्या पाठीवर जाणार यावरून तिच्या आईचा फोन आला. मी ऐकून घेतलं. नियम बदलला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

रंगीत तालीम, माहुली गड. आसनगावला उतरून. पूर्ण सामान पाठीवर, ३ लिटर पाण्यासकट, मुद्दाम. माहुलीची चढण अंगावर येते, वर शिडी आहे, त्यामुळे एका दिवसात सगळं उघडं पडतं. आणि पडलंच.

बूट. एका मुलाने वडिलांचे चांगले जाड सोलचे ट्रेकिंग बूट घातलेले, दिसायला नव्यासारखे, चार वर्षं खोक्यात होते. अर्ध्या तासात डाव्या पायाचा सोल पुढून उघडला, पाऊण तासात उजवा अख्खा निघून वाटेवर पडला. हे होतंच. त्या सोलचं पॉलियुरेथेन दमट हवेत नुसतं ठेवून ठेवूनच सडतं, वापरून झिजतं त्यापेक्षा न वापरून जास्त खराब होतं, आणि आपल्याकडची हवा म्हणजे काय विचारता. सुतळीने आडवे उभे बांधून त्याला खाली आणला. त्याच्याच शेजारी चालणाऱ्या पोराचे अ‍ॅक्शनचे साधे ट्रेकिंग शूज, थोरल्या भावाचे, तीन पावसाळे खाल्लेले, मस्त पकड. आमच्या कॉलेजच्या दिवसांपासून अर्धा महाराष्ट्र त्याच बुटांवर गड चढलाय.

फोड: सात जणांना. त्यातल्या पाच जणांनी नवीन बूट आज पहिल्यांदा घातलेले (यादीत वर मोठ्या अक्षरात काय लिहिलं होतं?). दोघांचे बूट एक नंबर मोठे. उतरताना बोट पुढे आपटतं, नख काळं पडतं. नखं कापायची हे यादीत टाकायला विसरले होते, टाकलं.

मॅट: सगळ्यांनी सॅकला आडवी बांधलेली, सिनेमात दाखवतात तशी. झाडीत शिरल्यावर प्रत्येक मॅट दोन्ही बाजूंनी अडकत होती, मागचा पुढच्याची मॅट सोडवतोय आणि त्याची स्वतःची अडकलीये. कात्राबाईच्या कारवीत तर हालच होतील. उभी बांधायची, किंवा सॅकच्या आत गोल नळकांडं करून त्याच्या पोटात बाकी सामान भरायचं. दुसरी पद्धत छान आहे, सॅकला आकार येतो आणि पाठीला काही टोचत नाही.

शिट्ट्या: संकटात मिनिटाला सहा असं शिकवलं. परतीच्या लोकलमधे संकट आल्यासारख्या वाजल्या. जमा केल्या, रतनवाडीत परत मिळतील.

पाणी: वर पोचेपर्यंतच बहुतेकांनी दोन लिटर संपवलेलं. म्हणजे तिसरा लिटर लागतो की नाही यावर आता वाद नको, लागेल, ऊन तिथेही असणार.

२ डिसेंबर

चांभारदादांकडे सात जोड बूट नेले. सोलच्या कडेने पूर्ण शिवून घ्यायचे, नुसतं चिकटवायचं नाही. त्यांनी एक जोड हातात घेऊन अंगठ्याने दाबला आणि सोलचा भुगा टेबलावर पडला, म्हणाले ताई याला मी काय शिवू, हा तर बिस्कीट झालाय. तो जोड बाद. बाकी सहा झाले. मोठ्या बुटांसाठी आत एक जादा सुकतळा आणि दोन मोजे, आतला पातळ बाहेरचा जाड. दोन मोजे असले की घासणं मोज्या-मोज्यात होतं, कातडीला नाही.

७ डिसेंबर, रविवार

औषधं. आमच्याबरोबर येणारे डॉक्टर काका यात पक्के आहेत, मी फक्त हमाल. प्रत्येक मुलाचा फॉर्म: अ‍ॅलर्जी, दमा, फिट, चालू औषधं. दम्याची दोन मुलं आहेत, त्यांचा पंप त्यांच्या खिशात एक आणि डॉक्टरांकडे एक. बाकी कोणाही मुलाकडे गोळ्या नकोत, आईने दिलेली क्रोसिन सुद्धा नको, सगळं डॉक्टरांकडे जमा.

डब्यात: ओआरएसची पाकिटं ४० (एक पाकीट एक लिटरला, अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतायचं नाही, हे पाठ करून घ्या), चिकटपट्टीचे रुंद रोल ४ कारण फोड येण्याआधी जिथे चुरचुरतं तिथेच लावली तर फोड येत नाही, क्रेप बँडेज ६, त्रिकोणी पट्ट्या, बीटाडीन, कात्री, थर्मामीटर, क्लोरीनच्या गोळ्या. गोळी टाकली की अर्धा तास थांबायचं, लगेच प्यायचं नाही. सापासाठी वेगळं औषध डब्यात नसतं, तिथे कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, अवयव हलू न देता फळीला बांधून लवकरात लवकर रुग्णालयात, म्हणून डब्यापेक्षा महत्त्वाचा कागद म्हणजे १०८ आणि गावातल्या जीपवाल्यांचे नंबर. तिथे रेंज जाते येते, म्हणून कागदावर, मोबाइलमधे नाही. सहा प्रती, सहा जणांच्या खिशात.

मुलींची वेगळी बैठक घेतली, नऊ जणी आणि मी. पॅड स्वतःपुरते सगळ्यांनी आणायचे, पाळीची तारीख असो नसो, डोंगरात तारखा पुढेमागे होतात. वापरलेलं वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या झिपच्या पिशवीत, ती पिशवी परत घरी येणार, जंगलात पुरायचं नाही, जाळायचं नाही. शौचाला खुरपं, वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून निदान ७० पावलं लांब, वर माती. खुरपी ३ घेतली, एक मुलींसाठी कायम वेगळं. पहिली पाच मिनिटं सगळ्या जमिनीकडे बघत होत्या, मग एकीने विचारलं "मावशी, रात्री एकटं जायचं का?" आणि मग अर्धा तास प्रश्न थांबेनात. जोडीने जायचं. टॉर्च दोघींकडे. तंबूतून निघताना शेजारच्या तंबूला सांगून.

१४ डिसेंबर, रविवार

खाऊ. पालकांना वाटतं पोरं उपाशी मरणार. सकाळी आणि रात्री गावात जेवण आहे, त्यामुळे पाठीवर फक्त दिवसाचं. चिक्की, खजूर, फुटाणे-गूळ, दशम्या (दोन दिवस टिकतात), मेथीचे किंवा डिंकाचे लाडू. लाडू माणशी सहा. सहा म्हणजे सहा, एका आजींनी नातवाबरोबर पंचवीस पाठवणार म्हणून सांगितलंय. चिप्सची पाकिटं नाहीत, वजनाला काही नाही पण जागा खातात आणि कचरा होतो. मॅगी नाही कारण शिजवणार कशावर.

संत्री हवी असं एकजण म्हणाला. संत्रं म्हणजे पाणीच आहे, पण कात्राबाईच्या माथ्यावर एक संत्रं सोलून खाल्लं की कसं वाटतं ते मला माहितीये. माणशी एक मंजूर. सालं परत आणायची.

२१ डिसेंबर, रविवार

अंतिम तपासणी, मंडळाच्या हॉलमधे. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून हुकाचा काटा मागून आणला, त्याला फार मजा वाटली, स्वतः बघायला आला आणि मग वजनं तोच सांगायला लागला, रद्दीच्या भावात, "साडेआठ किलो, बोला!"

पहिल्या फेरीत २२ पैकी ६ पास. सॅक उपड्या करायला लावल्या. काय काय निघालं: हेअर ड्रायर. अभ्यासाची दोन गाईडं (दहावी आहे म्हणून आईने). अख्खी टूथपेस्ट १५० ग्रॅमची, ११ मुलांकडे, म्हणजे दीड किलोच्या वर टूथपेस्ट चालली होती सह्याद्रीत. ब्लूटूथ स्पीकर. चार जीन्स. आजीचे पंचवीस लाडू (जप्त, सगळ्यांना तिथेच वाटले, अप्रतिम). एकाकडे कुलूप, कशाला तर तंबूला. एकाकडे आठ अंडरवेअर, आईने मोजून पाच दिवस अधिक तीन जादा. हे ठेवू दिलं, वजन काय त्याचं.

स्पीकरवाला ऐकेना. त्याला म्हटलं घे, पण मग टोपी-स्वेटर कमी करून वजनात बसव. पाच मिनिटं दोन्ही हातात धरून उभा राहिला. स्पीकर घरी गेला.

भरायची पद्धत परत एकदा: खाली हलकं आणि मऊ, मधे पाठीला चिकटून जड म्हणजे पाण्याच्या बाटल्या, बाहेरच्या बाजूला जड काही नाही नाहीतर सॅक मागे ओढते. सगळ्यात वर विंडचीटर आणि टॉर्च. आत आधी मोठी काळी कचऱ्याची पिशवी घालायची आणि सगळं सामान त्यात, बाहेरून रेनकव्हर असलं तरी. डिसेंबरात पाऊस कुठला म्हणू नका, अवकाळी कधीही येतो, आणि दव तर येणारच. टॉर्चमधला एक सेल उलटा घालून ठेवायचा म्हणजे सॅकमधे दाबून आपोआप लागून संपत नाही.

शेवटी सगळ्यात जड सॅक काट्याला लावली तेव्हा ती माझी निघाली. १६.८ किलो. दोरी ३० मीटर, चहाचं पातेलं, जादा पाणी, खुरपी, सुतळी, सुया-दोरा, आणि नियम करणाऱ्या बाईची दोन पुस्तकं आणि फोल्डिंग स्टूल. रद्दीवाला म्हणाला, "मॅडम, पुस्तकं मला द्या, भाव चांगला देतो." स्टूल आणि एक पुस्तक काढलं.

२७ डिसेंबर, शनिवार, कुमशेत, रात्र

पेन्सिलने लिहितेय, बोटं आखडलीत. दोन दिवस रतनवाडीत मस्त गेले. अमृतेश्वराच्या देवळात पोरं कोरीवकाम बघत चक्क गप्प बसली. रतनगडाला छोट्या पिशव्या नेल्या ते बरं केलं, शिड्यांवर मोठ्या सॅक घेऊन गर्दी झाली असती, नेढ्यात (कड्याला आरपार पडलेलं भोक) वारा असा होता की टोप्या धरून बसलो. तंबूत पहाटे आतून पाणी ठिबकलं, श्वासाचं, झरोके बंद करून झोपले होते सगळे थंडीला घाबरून. दुसऱ्या रात्री उघडे ठेवले, कोरडं.

आज कात्राबाई. सात तास. खिंडीच्या अलीकडे माझ्या पोटरीत गोळा आला आणि बसले, तेव्हा ३४ किलोवाला येऊन म्हणाला, मावशी दोरी द्या, मी इनचार्ज आहे ना. दिली. संत्री माथ्यावर खाल्ली.

कुमशेतला पाचला पोचलो आणि गाडी नाही. फोन लागत नाही. सहा वाजले, अंधार, पोरांचे चेहरे उतरायला लागले. सगळ्यांना टोप्या, स्वेटर, कोरडे मोजे घालायला लावले, ज्या घरी जेवण सांगितलं होतं तिथल्या मावशींनी ओसरीत भाताचा पेंढा पसरला, वर आमच्या मॅट, आणि नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. पोरं खाऊन पेंढ्यात घुसली आणि निम्मी झोपली पण. साडेआठला पिकअप आली, टायर दोनदा गेला होता. स्लीपिंग बॅगा उतरवल्या. काही पोरांना उठवून आत घालावं लागलं, काही उठलीच नाहीत, त्यांच्यावर नुसत्या पांघरल्या.

जुने ट्रेकर काका काही बोलले नाहीत. चहाचं पातेलं मात्र त्यांनीच घासून आणलं.

३१ डिसेंबर

घरी पोचून दोन दिवस झाले. हरिश्चंद्रगडाबद्दल बाकीचे लिहितील, मी सामानापुरतं. कोकणकड्यावर पालथं झोपून, पाय मागून धरून, दोघादोघांना बघू दिलं, विंडचीटर तिथे सगळ्यात जास्त कामाला आला. गडावरच्या सप्ततीर्थ कुंडाच्या पायऱ्यांवर एक ताट विसरलं, परत जाऊन आणलं.

४ जानेवारी, रविवार

गच्चीवर ८ तंबू, २८ स्लीपिंग बॅगा वाळत. तंबू ओले गुंडाळून ठेवले की बुरशी येते, दोन दिवस उन्हात, मगच कपाटात. हिशोब: खुंट्या ३ हरवल्या, टॉर्च १, खुरपं १ (मुलींचं नाही). फोड फक्त दोघांना.

न वापरलेलं काय परत आलं ते सगळ्यांनी लिहून दिलं. दोरी, देवाच्या कृपेने. क्रेप बँडेज ५. ओआरएस ४० पैकी २९ पाकिटं उरली, पुढच्या वेळी २० पुरतील. माझं पुस्तक. कमी काय पडलं: सुतळी, मोजे (तिसरा जोड हवाच), वर्तमानपत्रं, आणि चहासाठी साखर. टूथपेस्ट पाच दिवसांत २२ जणांत मिळून दोन ट्यूब संपल्या, त्यातली एक फुटली होती.

स्पीकरवाला काल कपाट लावायला आला होता. खुंट्या मोजून रबरबँड लावून ठेवल्या त्याने, तंबूला १२ प्रमाणे, आणि प्रत्येक पिशवीवर मार्करने आकडा. एका पिशवीत ९ आहेत. सळई आणायला मंगळवारी लोखंडवाल्याकडे जायचंय, आणि काटा रद्दीवाल्याला परत द्यायचाय, तो दोनदा विचारून गेला.